हवाई रुग्णवाहिकेतील माणसे : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात हवाई रुग्णवाहिकांवर लेख आल्यानंतर जी पत्रे आली, त्यांतील बहुतेकांचा रोख यंत्रांपेक्षा माणसांकडे होता. विमानात कोणता व्हेंटिलेटर असतो हे फारसे कोणी विचारले नाही. सोबत कोण येते, त्यांना काय येत असते आणि अडचणीच्या क्षणी कोणाचा शब्द चालतो, हे मात्र अनेकांनी विचारले. भूलतज्ज्ञ म्हणून काही वर्षे अशा पथकांबरोबर मी उड्डाणे केलेली असल्यामुळे संपादकांनी ही पत्रे माझ्याकडे सोपवली. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र करून उत्तरे देत आहे.

प्रश्न : वडिलांना विमानाने दुसऱ्या रुग्णालयात हलवायचे आहे. सोबत एक फ्लाइट नर्स आणि एक पॅरामेडिक (रुग्णालयाबाहेर तातडीचे उपचार करणारा प्रशिक्षित कर्मचारी) येतील, डॉक्टर नसतील, असे सेवा देणाऱ्या संस्थेने कळवले आहे. हे दुय्यम दर्जाचे पथक समजायचे का?

उत्तर : केवळ एवढ्यावरून तसे समजू नये. पथकात कोण असावे याची रीत देशागणिक वेगळी आहे आणि त्या वेगळेपणामागे प्रत्येक ठिकाणचा इतिहास आहे. जर्मनीत १९७० साली म्युनिक येथून ‘क्रिस्टोफ १’ हे बचाव हेलिकॉप्टर सुरू झाले. डॉक्टरलाच रुग्णापर्यंत नेऊन पोहोचवायचे, ही तेथील सेवेची मूळ कल्पना होती, त्यामुळे आजही तेथील पथकात वैमानिक, आपत्कालीन वैद्यकातील डॉक्टर आणि एक प्रशिक्षित पॅरामेडिक असतो. नॉर्वेमध्ये भूलतज्ज्ञ, बचावतज्ज्ञ आणि वैमानिक अशी रचना आहे. याउलट अमेरिकेत हेलिकॉप्टरमधून बहुतांशी एक परिचारिका आणि एक पॅरामेडिक जातात. त्यांनी काय करावे याची लेखी कार्यपद्धती वैद्यकीय संचालकांनी आधीच मंजूर केलेली असते आणि त्यापलीकडचा प्रश्न उद्भवला तर ते डॉक्टरांशी संपर्क साधतात. ऑस्ट्रेलियात १९२८ साली सुरू झालेल्या ‘रॉयल फ्लाइंग डॉक्टर सर्व्हिस’च्या नावातच डॉक्टर आहे, पण तिच्या अनेक उड्डाणांत रुग्णाजवळ एकटी फ्लाइट नर्स असते. या परिचारिकांकडे परंपरेने प्रसूतिविद्येचीही पात्रता असते, कारण वाटेत काय उद्भवेल याचा नेम नसतो.

म्हणून ‘डॉक्टर आहे का’ यापेक्षा ‘या रुग्णाला वाटेत जे लागू शकते ते करणारे कोणी आहे का’ हा प्रश्न अधिक उपयोगी आहे. श्वासनलिकेत नळी असलेल्या रुग्णासोबत ती निसटल्यास पुन्हा घालू शकणारी व्यक्ती हवी. मुदतीपूर्वी जन्मलेल्या बाळाला हलवायचे असेल तर इन्क्युबेटर आणि नवजात शिशूंची सवय असलेले पथक हवे. प्रौढांच्या अतिदक्षता विभागात वीस वर्षे काढलेला डॉक्टर तेथे उपयोगी पडेलच असे नाही. हृदय व फुप्फुसांचे काम शरीराबाहेरील यंत्रावर चालू असेल, तर ते यंत्र सांभाळणारा तज्ज्ञ वेगळा लागतो. आपल्या वडिलांची प्रकृती स्थिर असेल आणि येणाऱ्या दोघांचा अतिदक्षतेचा अनुभव पक्का असेल, तर त्या पथकात कमीपणा काहीच नाही. ज्याने कधी उड्डाणच केलेले नाही असा, केवळ पदवी आहे म्हणून आयत्या वेळी बोलावून घेतलेला डॉक्टर मला अधिक चिंताजनक वाटतो.

प्रश्न : मी परिचारिका असून अतिदक्षता विभागात दोन वर्षे काम करीत आहे. फ्लाइट नर्स होण्यासाठी आणखी काय करावे लागेल?

उत्तर : घाई करू नये, हे पहिले उत्तर आवडणार नाही, तरी तेच खरे आहे. चांगल्या सेवा सामान्यतः अतिदक्षता किंवा आपत्कालीन विभागातील तीन ते पाच वर्षांचा अनुभव मागतात. रुग्णालयात रुग्णाचा रक्तदाब घसरला की हाक मारायला वरिष्ठ असतात, शेजारच्या खाटेजवळची सहकारी धावून येते, प्रयोगशाळेचा अहवाल मिळतो; विमानात यांपैकी काहीही नसते. रुग्ण बिघडण्याची चाहूल मॉनिटरच्या आधी लागण्याइतकी नजर तयार व्हावी लागते आणि ती पुस्तकातून येत नाही.

अनुभवाबरोबर प्रौढांचे व बालकांचे प्रगत पुनरुज्जीवन (थांबलेले हृदय व श्वास पुन्हा सुरू करणे), नवजात शिशूंचे पुनरुज्जीवन आणि अपघातग्रस्तांवरील उपचार यांची चालू मुदतीची प्रमाणपत्रे लागतात. अमेरिकेत परिचारिकांसाठी ‘सीएफआरएन’ आणि पॅरामेडिकसाठी ‘एफपी-सी’ या स्वतंत्र परीक्षा आहेत. इतर देशांतील उमेदवारही त्यांचा अभ्यासक्रम आधारासाठी वापरतात. डॉक्टरांच्या बाबतीत ब्रिटनने २०११ मध्ये रुग्णालयपूर्व आपत्कालीन वैद्यक ही स्वतंत्र उपविशेषज्ञता म्हणून मान्य केली. भूलशास्त्र, आपत्कालीन वैद्यक अथवा अतिदक्षता यांतील डॉक्टरांनाही या कामासाठी वेगळे शिकावे लागते, याची ती अधिकृत कबुलीच होती.

निवड झाल्यानंतरचे प्रशिक्षण अनेकांना अनपेक्षित असते. विमानाची दारे आतून कशी उघडतात, अग्निशामक कोठे आहे, वैमानिक बेशुद्ध पडल्यास इंजिन व इंधन कसे बंद करायचे, हे शिकावे लागते. समुद्रावरून उडणाऱ्या हेलिकॉप्टरच्या पथकांना पाण्याखाली उलट्या झालेल्या केबिनमधून बाहेर पडण्याचा सराव करावा लागतो. हेलिकॉप्टर सेवांमध्ये स्वतःच्या वजनाला मर्यादा असते, कारण पथकाचे वजन जितके जास्त तितके इंधन कमी घेता येते. प्रवासात मळमळण्याची प्रवृत्ती असेल तर तीही आधीच तपासून पाहावी. अरुंद केबिनमध्ये पाठमोरे बसून, मान वाकवून सिरिंजवरील बारीक आकडे वाचताना ती लपत नाही.

या क्षेत्राचा आरंभही परिचारिकांच्या स्वतंत्र प्रशिक्षणातूनच झाला. अमेरिकी सैन्याच्या फ्लाइट नर्सची पहिली तुकडी केंटकीतील बोमन फील्ड येथून १८ फेब्रुवारी १९४३ रोजी उत्तीर्ण होऊन बाहेर पडली.

प्रश्न : औषधे तीच, रुग्ण तोच. मग हवेत गेल्यावर वैद्यकात असे काय बदलते की अनुभवी डॉक्टरलाही पुन्हा शिकावे लागते?

उत्तर : सर्वांत आधी हवा बदलते. दाबयुक्त केबिन असलेल्या विमानातही आतील दाब जमिनीइतका राखलेला नसतो. तो साधारणपणे ८,००० फूट उंचीवरील दाबापर्यंत खाली येऊ दिला जातो. समुद्रसपाटीला ७६० मिलिमीटर पारा असलेला वातावरणाचा दाब त्या उंचीवर सुमारे ५६५ होतो. याचे दोन परिणाम होतात.

पहिला म्हणजे श्वासावाटे मिळणाऱ्या प्राणवायूचा दाब सुमारे पाव हिस्स्याने घटतो. निरोगी प्रवाशाच्या रक्तातील प्राणवायूचे प्रमाण नव्वद टक्क्यांच्या थोड्या वर उतरते आणि त्याला काही जाणवतही नाही. पण जमिनीवर प्राणवायू लावूनही ज्याचे प्रमाण जेमतेम ब्याण्णव टक्के राहत होते, त्या रुग्णापाशी घट सोसण्याइतकी शिल्लकच नसते.

दुसरा परिणाम अधिक फसवा आहे. दाब कमी झाला की बंदिस्त वायू फुगतो आणि या उंचीवर तो सुमारे एक तृतीयांशाने फुगतो. फुप्फुसाबाहेर छातीच्या पोकळीत अडकलेली थोडीशी हवा जमिनीवर निरुपद्रवी वाटली, तरी वर गेल्यावर ती फुप्फुस आणि हृदय दाबू शकते. म्हणून ती काढण्यासाठी छातीत नळी घालायची की नाही याचा निर्णय उड्डाणापूर्वी घ्यावा लागतो. कवटीत शिरलेली हवा, आतड्याच्या अडथळ्यामुळे साठलेला वायू, डोळ्याच्या शस्त्रक्रियेत आत सोडलेला वायू, यांनाही हाच नियम लागू आहे. श्वासनलिकेतील नळीभोवतीचा हवेचा फुगा फुगून श्वासनलिकेचे अस्तर दाबतो, म्हणून त्याचा दाब वर चढताना आणि उतरताना पुन्हा मोजावा लागतो. ताज्या प्लास्टरखाली हात किंवा पाय सुजण्याची शक्यता असल्याने ते आधीच उभे कापून सैल करतात. फारच नाजूक रुग्ण असेल तर पथक वैमानिकाकडे केबिनमध्ये समुद्रसपाटीचा दाब राखण्याची मागणी करते. त्यासाठी विमान खालून न्यावे लागते, इंधन जास्त जळते, कदाचित वाटेत एकदा उतरावे लागते. ही मागणी विमान निघाल्यावर करून उपयोग नसतो. इंधनाचा हिशेब मांडला जात असतानाच वैद्यकीय पथकाने बोलले पाहिजे.

हेलिकॉप्टरची केबिन दाबयुक्त नसते, पण ते बहुधा कमी उंचीवरून जात असल्याने तेथे दाबापेक्षा आवाज आणि कंपन यांचा त्रास मोठा असतो. पहिल्या उड्डाणाला मी सवयीने स्टेथोस्कोप गळ्यात अडकवून निघालो, तेव्हा सोबतच्या पॅरामेडिकने काही न बोलता नुसते स्मित केले. इंजिन सुरू झाले आणि त्या स्मिताचा अर्थ कळला. नळी योग्य जागी आहे का, हे तेथे कानाने ठरत नाही. श्वासातील कार्बन डायऑक्साइडचा आलेख पाहून आणि छातीची हालचाल निरखून ठरवावे लागते. नाडीसुद्धा कंपनामुळे बोटांना नीट लागत नाही.

आणि हिशेब. समजा, रुग्णाला मिनिटाला १० लिटर प्राणवायू लागतो आणि या खाटेपासून त्या खाटेपर्यंत अडीच तास लागणार आहेत. एकूण गरज १,५०० लिटर झाली. विलंब, हवामान, उतरल्यावर रस्त्यावरील रुग्णवाहिकेची वाट पाहणे हे सारे गृहीत धरून पथक दुप्पट, म्हणजे ३,००० लिटर धरते. ‘ई’ आकाराच्या एका सिलिंडरमध्ये सुमारे ६८० लिटर मावतात. म्हणजे असे पाच सिलिंडर लागतील. रुग्णालयात भिंतीतून प्राणवायू घेण्याची सवय झालेल्या डॉक्टरला हा गुणाकार आयुष्यात प्रथमच करावा लागतो.

प्रश्न : विमानात शेवटचा शब्द कोणाचा, वैमानिकाचा की डॉक्टरचा? दोघांचे मतभेद झाले तर?

उत्तर : उड्डाण करायचे की नाही, मार्ग बदलायचा का, उतरायचे कोठे, हे वैमानिक ठरवतो, रुग्णावर कोणता उपचार करायचा हे वैद्यकीय पथकाचा प्रमुख ठरवतो. कागदावर ही वाटणी स्पष्ट आहे. खरी अडचण तिच्या सीमेवर येते, कारण रुग्णाची अवस्था ऐकून वैमानिकाचे मन द्रवू शकते. लहान मूल आहे, रक्तस्राव थांबत नाही, असे कळल्यावर ढग थोडे खाली आले आहेत ही गोष्ट थोडी कमी महत्त्वाची वाटू लागते. म्हणूनच अनेक सेवांमध्ये हवामानाचा निर्णय होईपर्यंत वैमानिकाला रुग्णाविषयी काहीच सांगत नाहीत. कोठून कोठे जायचे आणि वजन किती, एवढेच कळवतात. बाहेरच्याला हे निष्ठुर वाटते. मला तो या क्षेत्रातील सर्वांत शहाणा नियम वाटतो.

उलट दिशेचा नियमही आहे. उड्डाणास सर्वांची संमती लागते, नकाराला एकाची पुरते. तिघांपैकी कोणीही, अगदी मागच्या महिन्यात रुजू झालेल्या पॅरामेडिकनेही, ‘मला हे ठीक वाटत नाही’ असे म्हटले की उड्डाण होत नाही किंवा विमान मागे वळते. त्याबद्दल त्याला नंतर जाब विचारायचा नसतो. एका सेवेने हवामानामुळे नकार दिला की तो नकार न कळवता दुसऱ्या सेवेला दूरध्वनी करायचा, असा प्रकार काही ठिकाणी घडतो. दुसऱ्या पथकाला पहिल्याचे कारण माहीत नसते आणि ते निघते. त्यामुळे चांगली नियंत्रण केंद्रे ‘आधी कोणी नकार दिला आहे का’ हा प्रश्न प्रत्येक विनंतीला विचारतात. नातेवाइकांनीही तो लपवू नये.

हे नियम विमान वाहतुकीने मोठी किंमत मोजून शिकले आहेत. २८ डिसेंबर १९७८ रोजी युनायटेड एअरलाइन्सचे १७३ क्रमांकाचे विमान पोर्टलंडजवळ आले असता चाकांच्या यंत्रणेतील बिघाडाकडे कप्तानाचे सारे लक्ष लागले आणि विमान घिरट्या घालत राहिले. इंधन संपत आल्याचे सहकाऱ्यांना दिसत होते, त्यांनी ते सुचवलेही, पण अशा शब्दांत की कप्तानाच्या मनावर ते ठसले नाही. इंधन संपून विमान कोसळले आणि दहा जण मृत्युमुखी पडले. पुढच्याच वर्षी नासाने भरवलेल्या कार्यशाळेतून पथक-व्यवस्थापनाचे, म्हणजे सीआरएमचे, प्रशिक्षण आकाराला येऊ लागले. अमेरिकी हवाई प्रशासनाने २००५ मध्ये हवाई रुग्णवाहिकांसाठी त्याचे खास मार्गदर्शन प्रसिद्ध केले आणि त्यात वैमानिक व वैद्यकीय कर्मचारी यांच्यासोबत यंत्रज्ञ आणि नियंत्रण केंद्रातील कर्मचारी यांनाही पथकाचे सदस्य मानले.

या प्रशिक्षणात बोलण्याच्या पायऱ्या शिकवतात. आधी प्रश्न : ‘आपण ठरलेल्या उंचीच्या खाली आहोत का?’ उत्तर आले नाही तर इशारा : ‘उंची कमी होते आहे, समोर विजेच्या तारा आहेत.’ तरीही काही घडले नाही तर स्पष्ट हरकत, आणि शेवटी आज्ञाच : ‘वर घ्या, आत्ता.’ शिष्टाचारात वाढलेल्या माणसाला पहिल्या पायरीवरून चौथीवर जाणे जड जाते. वरिष्ठांना ‘बहुधा’, ‘मला वाटते’ असे शब्द पेरून सांगण्याची आपली सवय मोडण्यासाठीच हा सराव पुन्हा पुन्हा घेतात.

प्रश्न : वैमानिकाला वैद्यकीय ज्ञान असावे लागते का?

उत्तर : नाही. त्याच्याकडून उड्डाणाचा अनुभव अपेक्षित असतो आणि त्याची अट कडक असते. युरोपीय नियमांनुसार आपत्कालीन वैद्यकीय हेलिकॉप्टरच्या कमांडरसाठी अनुभवाचा एक मार्ग असा आहे की त्याने विमानाचा मुख्य वैमानिक म्हणून १,००० तास उड्डाण केलेले असावे व त्यांतील ५०० तास हेलिकॉप्टरवरचे असावेत. शिवाय तशाच प्रकारच्या परिसरात हेलिकॉप्टर चालवल्याचा ५०० तासांचा अनुभव वेगळा लागतो. उलट वैद्यकीय सदस्याला मात्र विमानाचे थोडे यावे लागते. युरोपात तांत्रिक सदस्य म्हणून प्रशिक्षित झालेला पॅरामेडिक जाताना वैमानिकाशेजारी बसतो, तपासणी यादी वाचतो, तारा व झाडे शोधतो, रेडिओ सांभाळतो आणि रुग्णाजवळ पोहोचल्यावर पुन्हा पॅरामेडिक होतो.

प्रश्न : इतक्या आवाजात पथकातील लोक एकमेकांशी बोलतात कसे? ऐकण्यात चूक झाली तर?

उत्तर : हेडसेटवरून, थोडक्यात आणि ठरलेल्या पद्धतीने. औषध मागणारा नाव आणि मात्रा सांगतो, देणारा ती परत उच्चारतो, मागणारा ‘बरोबर’ म्हणतो आणि मगच औषध शिरेत जाते. हेडसेटच्या खरखरीत ‘एकोणसाठ’ आणि ‘एकोणसत्तर’ यांत फरक कळत नाही, म्हणून आकडे सुटे करून सांगितलेले बरे : ‘पाच, नऊ’. उड्डाण आणि उतरणे या टप्प्यांत सुरक्षेशी संबंध नसलेले बोलणे पूर्ण बंद असते. त्या काळात रुग्णाला तातडीचे काही लागले तर वैमानिकाचा आवाज मागच्या संभाषणापासून वेगळा करण्याची सोय असते. रुग्णाच्या हृदयाला विजेचा झटका देण्यापूर्वी वैमानिकाला कळवायचे, हा नियम कोणीही विसरत नाही.

जे वर करणे अवघड आहे ते खालीच उरकायचे, ही या कामाची रीत आहे. श्वासनलिकेत नळी घालण्याची शक्यता दिसत असेल तर ती उड्डाणापूर्वी घालतात, आणि तीही यादी मोठ्याने वाचून : एक जण विचारतो, दुसरा वस्तूला हात लावून उत्तर देतो. अनुभवी डॉक्टरला हे पोरकट वाटू शकते. मलाही वाटले होते. घशातील स्राव ओढून काढणारे शोषणयंत्र बंद असल्याचे एकदा त्या यादीमुळेच लक्षात आले, तेव्हापासून वाटत नाही.

पोहोचल्यावर रुग्ण सोपवतानाही क्रम ठरलेला असतो. वय, घटनेची वेळ, इजा कशी झाली, कोठे झाली, सध्याच्या खुणा, दिलेले उपचार, इतके एका दमात सांगेपर्यंत स्वीकारणारे पथक रुग्णाला हात लावत नाही. अपवाद फक्त हृदय बंद पडलेल्या किंवा श्वास अडलेल्या रुग्णाचा. परत आल्यावर सामान भरताना पाच-दहा मिनिटे ‘काय चुकले, काय साधले’ याची चर्चा होते. दमलेले पथक ही चर्चा टाळू पाहते आणि नेमके तेव्हाच ती अधिक गरजेची असते.

प्रश्न : नातेवाईक म्हणून सोबत जाता येते का? आम्ही काय तयार ठेवावे?

उत्तर : विमानात बहुधा एका नातेवाइकाला नेतात, हेलिकॉप्टरमध्ये क्वचितच. अंतिम निर्णय वजन आणि जागा पाहून वैमानिक घेतो, त्यावर डॉक्टरकडे दाद मागू नये. रुग्णाचे आणि स्वतःचे वजन खरे सांगावे. संकोचाने कमी केलेले दहा किलो इंधनाच्या हिशेबात शिरतात. सामान एकच, लहान आणि मऊ पिशवीत असावे.

ताजा वैद्यकीय सारांश, चालू औषधांची मात्रेसह यादी, तपासण्यांच्या प्रतिमा आणि ओळखपत्रे, परदेशी जायचे असेल तर पारपत्र, ही कागदपत्रे पथक येण्यापूर्वी हाताशी ठेवावीत. पुढील रुग्णालयात खाट निश्चित झाली आहे आणि कोणते डॉक्टर रुग्णाला स्वीकारणार आहेत, याची लेखी खात्री करून घ्यावी. संसर्गजन्य आजार, पेसमेकर, अलीकडची शस्त्रक्रिया यांपैकी काही असेल तर न विचारताही सांगावे. सेवा निवडण्यास वेळ असेल तर ‘कॅम्ट्स’ किंवा ‘युरामी’ यांसारख्या संस्थेची मान्यता आहे का, आणि येणारी माणसे नियमित उड्डाण करणारी आहेत का, हे विचारावे.

एक अवघड विषय पथक स्वतःहून काढील, तेव्हा दचकू नये. वाटेत हृदय बंद पडले तर पुनरुज्जीवनाचे प्रयत्न कोठवर करायचे आणि त्यासाठी मध्येच जवळच्या विमानतळावर उतरायचे का, हे ते निघण्यापूर्वी विचारतील. घरातील माणसांनी आपसांत बोलून त्याचे उत्तर एकाच व्यक्तीकडे द्यावे आणि ती व्यक्ती पथक येईल तेव्हा रुग्णाजवळ हजर असावी.